गडहिंग्लजची फक्की

एकोणीसशे सदुसष्ट साल. संक्रांत होऊन तीन दिवस झाले होते. माझे वडील, आबा, अंगणात फडक्यातून फक्कीचा चुना चाळत बसले होते आणि मी पायरीवर बसून अर्थशास्त्राची वही पुरी करत होते. तेवढ्यात भिंतीला सायकल टेकवून निंबाळकर सर आत आले.

निंबाळकर सर इंगळे कॉलेजच्या जिमखान्याचे प्रमुख. आम्ही पन्हाळकर कॉलेजची माणसं. आबा तिथलं मैदान राखायचे आणि मी तिथंच बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. फुटबॉलचा मोसम सुरू असताना इंगळेच्या माणसानं आमच्या दारात यायचं म्हणजे रुसलेल्या व्याह्यानं न बोलावता जेवायला यायचं.

"दत्तोबा, तिळगूळ घ्या आणि गोड बोला."

"बोलतो की," आबा म्हणाले. "पण तुमी तिळगुळापायी एवढी पायपीट केली असंल असं वाटत न्हाई."

"पायपीट कसली, सायकल आहे," असं म्हणत सर माझ्या शेजारी पायरीवरच बसले. "यंदाचा सामना तुमच्या मैदानावर होणार नाही. गडहिंग्लजला होणार. दोन्ही प्रिन्सिपॉलांनी काल सह्या केल्या."

आबांचा हात फडक्यावर थांबला.

पन्हाळकर विरुद्ध इंगळे हा सामना कोल्हापुरात दरवर्षी व्हायचा आणि तो आमच्याच मैदानावर व्हायचा, कारण इंगळेला स्वतःचं मैदान नव्हतं. आदल्या साली सामन्यात दगडफेक झाली होती, लाइनमनच्या डोक्याला सात टाके पडले होते. त्यामुळं काहीतरी होणार हे आम्हाला माहीत होतं. पण सामनाच सत्तर किलोमीटर लांब जाईल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. आबा येत्या मे महिन्यात रिटायर होणार होते. हा त्यांचा शेवटचा सामना.

"आमच्या मैदानाचं काय चुकलं?" आबांनी विचारलं.

"मैदानाचं काही नाही हो. आमची पोरं म्हणतात, तिथं खेळताना श्वास कोंडतो. चारी बाजूंनी तुमची माणसं. मोकळ्या जागी, कुणाच्याच नसलेल्या गावात खेळू म्हणतात." सर जरा थांबले. "बॉल आणि पंच आमचे. नेट आणि फक्की तुमची, असं ठरलंय. फक्की दत्तोबांनीच मारायची, हे मी सांगितलंय मीटिंगमध्ये."

"का? गडहिंग्लजात चुना मिळत न्हाई?"

"मिळतो. पण भांडण झालं की लोक विचारतात, रेघ कुणी मारली? तुमचं नाव सांगितलं की पुढं विचारत नाहीत."

हे खरं होतं. एकसष्ट साली आमच्या पोरांनी मारलेल्या गोलावरून तासभर वाद झाला होता. पंचांना काही दिसलं नव्हतं. शेवटी कुणीतरी म्हणालं, दत्तोबांना विचारा, ते गोलाच्या मागंच उभे होते. आबा म्हणाले, "बॉल रेघेवर व्हता. आत न्हवता." आम्ही तो सामना हरलो. त्या दिवसापासून कोल्हापुरात, एरवी कुठल्याच गोष्टीवर एकमत न होणाऱ्या दोन्ही कॉलेजांत, आबांच्या शब्दावर मात्र एकमत होतं. आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, जमीनजुमला नव्हता. हा शब्द तेवढा होता.

"बरं," आबा म्हणाले. "येतो. पोरगीला घिऊन येतो. तिच्याबिगर दोरी धरायला कुणी न्हाई."

मी आठ वर्षांची असल्यापासून दोरीचं दुसरं टोक धरत आले होते.

त्या दोरीबद्दल सांगायला हवं. आबा टेप वापरत नसत, कारण आकडे वाचता येत नव्हते. सत्तेचाळीस साली ते कामाला लागले तेव्हाच्या जिमखान्याच्या सरांनी त्यांना एक जाड सुती दोरी दिली होती. मैदानाच्या लांबीला हिरव्या चिंधीची गाठ, रुंदीला लाल, पेनल्टीच्या चौकटीला पिवळी, मधल्या गोलाला निळी. सर सांगून गेले, "दत्तोबा, हे फुटबॉलचं मैदान." आबांनी वीस वर्षं ते मैदान तसंच जमिनीवर उतरवलं. दोरी झिजली की जुनी शेजारी पसरून नवीवर गाठी मारायचे, एक बोटभर फरक पडू द्यायचे नाहीत.

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही एस.टी.नं गडहिंग्लजला पोचलो. मिरचीचा हंगाम होता. बाजारपेठेत लाल मिरचीचे ढीग पडलेले, स्टँडवर उतरलेलं प्रत्येक माणूस शिंकत होतं. तिथल्या शाळेचे शिपाई शिवलिंगप्पा आम्हाला न्यायला आले होते. आमचा मुक्काम त्यांच्याच घरी होता.

"कोल्हापूरची माणसं वळकायला सोपी," ते म्हणाले. "शिंकत शिंकत पण फुटबॉलचंच बोलतात."

"आन् गडहिंग्लजची?" आबांनी शिंक आवरत विचारलं.

"आमी शिंकत न्हाई. तेवढंच."

सकाळी उजाडताच आम्ही मैदानावर गेलो. काय मैदान होतं! शाळेचं होतं, पण गावानं जिवापाड जपलेलं. गोलाचे लोखंडी खांब कायमचे रोवलेले. दिवाळीनंतर नवा मुरूम घातलेला, त्यामुळं जुन्या रेघा दिसत नव्हत्या. दोन्ही बाजूंना नुसतं मोकळं. आमच्या कॉलेजच्या मैदानाला एका अंगाला कट्टा बांधलेली विहीर आणि दुसऱ्या अंगाला होस्टेलची भिंत. इथं नजर अडवायला काहीच नव्हतं.

आबांनी खांबाखांबातली लांबी बघितली, "जरा जास्त हाय, असू दे, खांब काय हलत न्हाईत," म्हणाले आणि रुंदीला दोरी लावली. लाल गाठ मी धरली. तीन तासांत सगळं झालं. दोरी पायानं दाबून धरायची, आबांनी फक्कीच्या डब्याला हलक्या टिचक्या मारत मागं मागं सरकायचं आणि पांढरी रेघ त्यांच्या पावलापुढं उमटत जायची. दोन्ही बाजूंना पुष्कळ जागा उरली, तशी आबा खूश झाले.

"बग, मान्सं किती लांब बसतील. गेल्या साली रेघेला चिकटून बसली, म्हणून दगड लागला. हितं काय व्हायचं न्हाई."

ते हातपाय धुवायला शिवलिंगप्पांच्या घरी गेले. मी नेट बांधत थांबले. बाराच्या सुमाराला इंगळेची गाडी आली. त्यातला एक मुलगा गाडीतून उतरला तो तसाच अनवाणी मैदानावर आला. दाऊद मुजावर. त्यांचा लेफ्ट आऊट. बाजूच्या रेघेनं वाऱ्यासारखा पळायचा. पण आमच्याविरुद्ध त्याचं कधी काही चाललं नव्हतं. आम्ही मुली त्याला चिडवायचो, "दाऊद आला, भिंतीला धडकला!"

तो एका रेघेवर उभा राहिला आणि टाचेला चवडा लावत समोरच्या रेघेपर्यंत चालत गेला. परत आला. पुन्हा गेला. मग माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"काय मोजतोस रे?" मी विचारलं.

"काही नाही." तो हसला, पण ते हसणं खरं नव्हतं. "मला वाटलं होतं, हे मैदान मोठं असंल. सहा महिने नदीकाठच्या माळावर पळालो मी, या एका सामन्यासाठी. आणि आलो तर परत तुमच्याच अंगणात."

"म्हणजे?"

"तेवढंच आहे की, शालन. एक पाऊल इकडं न् तिकडं. तुमच्या मैदानाची पावलं मला पाठ आहेत." मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "आबांनी मारलीय ना? मग बरोबरच असंल. माझंच काहीतरी चुकत असंल."

तो गेला आणि मीही रेघेपासून रेघेपर्यंत पावलं टाकून बघितली. त्याचं काही चुकत नव्हतं. ती दोरी फुटबॉलच्या मैदानाची नव्हतीच. ती विहीर आणि भिंत यांच्यामधल्या जागेची होती. पहिल्या सरांनी जेवढी जागा होती तेवढी मोजून गाठ मारली, आणि आबांनी त्यालाच जगातलं प्रत्येक मैदान मानलं. वीस वर्षं इंगळेची पोरं अरुंद मैदानात कोंडून बहुतेक सामने हरत होती. आता मोकळं मैदान मिळावं म्हणून ती एवढ्या लांब आली, तर आबांनी आमचंच मैदान दोरीत गुंडाळून इथं आणून अंथरलं होतं.

आमची गाडीही तोवर आली होती. मी आमच्या जिमखान्याच्या सरनोबत सरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं. मग स्वतः पावलं टाकून आले.

"पंचावन्न यार्ड," ते म्हणाले. "नियमात पन्नास चालतात. पंच बघतील, मान डोलावतील. काहीही चुकलेलं नाही."

"पण सर, इथं पंचाहत्तर मावतात."

"मावू देत. आपल्या कॅप्टनचा, जयसिंगचा थ्रो आठव. या रुंदीत तो बाजूच्या रेघेवरून थेट गोलासमोर बॉल टाकतो. आपला अर्धा खेळ त्या थ्रोवर आहे." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "आणि तू दत्तोबांना सांगणार? शेवटचा सामना त्यांचा. वीस वर्षं ज्यावर नाव कमावलं ती मापंच एकतर्फी होती, हे पोरीच्या तोंडून ऐकायला लावणार? पोरी, गप्प राहा. त्यांच्यासाठी तरी."

सर वाईट नव्हते. माझी फी त्यांनी दोनदा माफ करून आणली होती. ते म्हणाले त्यात मला खोटंही दिसेना. एक वाजून गेला होता. सामना चारला होता. शिवलिंगप्पांच्या घरी पोचले तेव्हा गप्प राहायचं माझं नक्की झालं होतं.

आबा ओसरीवर भाकरी आणि मिरचीचा खर्डा खात बसले होते. शिवलिंगप्पांच्या बायकोनं माझ्यापुढंही ताट ठेवलं.

"इंगळेची पोरं आली का?" आबांनी विचारलं.

"आली."

"मैदान बघितलं त्यांनी? काय म्हनाली?"

"दाऊद म्हणाला, आबांनी मारलीय, म्हणजे बरोबरच असंल."

आबा हसले. समाधानानं हसले. ते हसू मला बघवेना.

"आबा, बरोबर नाही ती."

मी सगळं सांगितलं. विहीर, भिंत, गाठ, दाऊदची पावलं. सरनोबत सर काय म्हणाले तेही. शिवलिंगप्पांची बायको भाकरी थापायची थांबली. आबांनी हातातला तुकडा ताटात ठेवला आणि पाण्यानं हात धुतले.

"किती कमी?" त्यांनी विचारलं.

"वीस यार्ड."

"म्हंजे आमची विहीर आन् तिचा कट्टा धरून." ते स्वतःशीच म्हणाले. मग शिवलिंगप्पांकडं वळून, "पावनं, तुमच्या मैदानाच्या कोपऱ्याला खुणा असतील की."

"दगड हाईत ना. चार कोपऱ्याला चार. मुरमाखाली गेलेत. पहार घिऊन येतो."

"खराटे पन आना. आन् पानी."

आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा लोक जमायला लागले होते. आबा तडक निंबाळकर सरांकडं गेले. सरनोबत सर मधे आले, "दत्तोबा, जरा ऐका," म्हणाले. आबांनी त्यांना हात जोडले आणि बाजूनं पुढं गेले.

"सर, रेघ चुकली माझी. परत मारतो. घटकाभर उशीर हुईल."

निंबाळकर सरांना काही कळेना. "चुकली? कुठं? सरळ तर आहे!"

"सरळ हाय. पर जागा चुकलीय. दाऊदला इचारा, त्याला कळलंय. पोरगं बोललं न्हाई, माझी लाज राखली त्यानं."

शिवलिंगप्पांनी पहारीनं मुरूम उकरून चारही दगड काढले. दोन्ही बाजूंच्या लांब रेघा पाण्यानं आणि खराट्यानं पुसायच्या होत्या, गोलाच्या आणि मधल्या रेघा दगडापर्यंत वाढवायच्या होत्या. दोरी आता मापाची राहिली नव्हती. नुसती दगडापासून दगडापर्यंत ताणायची. ती एवढी लांब ताणली की मला एकटीला धरवेना. दाऊद आला आणि त्यानं टोक माझ्या हातातून घेतलं. आमचा कॅप्टन जयसिंग घोरपडे तोवर गाडीच्या सावलीत तोंड पाडून बसला होता. त्याचा थ्रो गेला होता, हे त्याला सरांनी सांगितलं असणार.

"जयसिंग, दुसरं टोक धर की!" मी ओरडले.

"तूच धर. तूच सोडलंयस सगळं," तो तिथूनच म्हणाला. पण उठला. शिव्या पुटपुटत आला आणि टोक धरून उभा राहिला.

लोकांना गंमत वाटत होती. दोन हजार तरी माणूस असेल. कोल्हापूरहून ट्रक भरभरून आलेले होतेच, आणि सगळं गडहिंग्लज लोटलेलं. कुणीतरी ओरडलं, "काय ओ, मैदान लहान पडलं का?" पंचांनी लाउडस्पीकरवर सांगितलं की काही तांत्रिक कारणानं सामना उशिरा सुरू होईल. आबांनी ते ऐकलं, फक्कीचा डबा खाली ठेवला आणि त्या टेबलापाशी गेले. आयुष्यात त्यांनी माईक हातात धरला नव्हता. तो त्यांनी कणसासारखा तोंडाजवळ धरला.

"तांत्रिक न्हाई," आबांचा आवाज चारी दिशांनी आला आणि ते स्वतःच दचकले. "मी दत्तोबा पोवार. मी आमच्या कॉलेजचं माप हितं आनलं. चूक माझी हाय. आता दुरुस्त करतोय."

मग इंगळेच्या बाजूनं एकजण ओरडला, "आबा, माप आणलं ते आणलं, विहीर कुठं ठेवली?"

जो हशा पिकला! आमची माणसं हसली, त्यांची हसली, पंच हसले. आबाही हसले आणि डबा उचलून परत कामाला लागले. मला आठवतं, त्या हसण्यानंतर त्या दिवशी मैदानावर कुणीही कुणाला शिवी दिली नाही. अगदी नाही असं नाही, पण मनापासून दिली नाही.

सामना पावणेपाचला सुरू झाला. आम्ही दोन-एकनं हरलो. दोन्ही गोल दाऊदच्या बाजूनं आले. एक त्यानं स्वतः मारला. त्या बाजूनं तो असा पळाला की आमचा बॅक अर्ध्यात थांबून नुसता बघत राहिला. जयसिंगचे थ्रो गोलापर्यंत पोचेनात. शेवटी शेवटी तो पायानं खेळायला लागला. मी त्याला एवढं चांगलं खेळताना कधी पाहिलं नव्हतं. आमचा एक गोल त्याचाच.

परत निघताना निंबाळकर सर म्हणाले, "दत्तोबा, आमच्या गाडीत चला. तुमची पोरं तुमच्यावर रागावलीत."

"न्हाई सर. मी पन्हाळकरचा मानूस. हरल्यांच्याच गाडीतनं जानार."

गाडीत कुणी आमच्याशी बोललं नाही. आमच्या पुढचं बाक रिकामं ठेवून सगळी मागं बसली. मी खिडकीतून बघत राहिले. वाटत होतं, सरांचं ऐकायला हवं होतं. निपाणीला चहाला गाडी थांबली, तेव्हा जयसिंग दोन कप घेऊन आला. एक आबांपुढं धरला, एक माझ्यापुढं.

"आबा, एक विचारू?"

"इचार."

"आम्ही आजवर जिंकलो ते सगळं त्या दोरीमुळंच का?"

आबांनी चहा बशीत ओतला. "दोरी काय पळती व्हय? पळाला तुमीच. जागा बारकी व्हती एवढंच." फुंकर मारून ते म्हणाले, "आज जागा मोटी झाली, तर तूबी मोटा खेळलास. आमी बघितलं की."

जयसिंगनं मान खाली घातली आणि आमच्या पुढच्या रिकाम्या बाकावर बसला. मग एकेक करत बाकीची पोरं पुढं सरकली. कागल येईपर्यंत गाडीत गाणी सुरू झाली होती.

त्या गोंगाटात मी आबांना हळूच विचारलं, "मी सांगितलं ते चुकलं का हो?"

"येडी का खुळी तू?" आबा म्हणाले. "तू गप बसली असतीस, तर मान्सं मला जलमभर खरा म्हनत राहिली असती. आन् दर बारीला तुला ते खाली मान घालून ऐकावं लागलं असतं. मला ठावं नसतं. तुला असतं. त्ये माज्यानं बघवलं असतं व्हय?"

मी पायाशी पडलेली दोरी मांडीवर घेतली आणि तिची गुंडाळी करायला लागले.

सामना पुढं कायमचा गडहिंग्लजलाच राहिला. आबा मे महिन्यात रिटायर झाले, तरी फक्की मारायला दोन्ही कॉलेजं दर जानेवारीला त्यांनाच न्यायची, पंचाहत्तर सालापर्यंत. सरनोबत सर काही महिने आबांशी तुटक वागले. मग एके दिवशी त्यांनीच पुण्याहून पोलादी टेप आणून दिला, आणि आबा साठाव्या वर्षी माझ्याकडून आकडे शिकले. त्यानंतर रस्त्यानं जाताना एस.टी.चे नंबर मोठ्यानं वाचायचे त्यांना वेडच लागलं. निंबाळकर सर पुढं इंगळेचे प्रिन्सिपॉल झाले. दाऊद मुंबईला एका गिरणीच्या संघाकडून आठ वर्षं खेळला, परत येऊन त्यानं सायकलचं दुकान काढलं. जयसिंग सैन्यात गेला, सुभेदार होऊन आला आणि त्याच्या गावच्या शाळेत मुलांना फुटबॉल शिकवत राहिला. शिवलिंगप्पांकडून दरसाल आमच्याकडं मिरची येत राहिली, त्यांच्या पश्चात त्यांच्या मुलाकडून.

माझं म्हणाल तर, बी.एड. झाल्यावर मी सगळीकडं अर्ज टाकले, त्यातला एक गडहिंग्लजच्या मुलींच्या शाळेचा होता. मुलाखतीला गेले तेव्हा हेडमास्तरांनी अर्जावरचं आडनाव वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"पोवार? त्या फक्कीवाल्या पोवारांच्या कोण तुम्ही?"

"मुलगी."

"दोरी धरणारी?"

"होय."

त्यांनी माझी प्रमाणपत्रं न उघडताच माझ्याकडं सरकवली. "ही ठेवा पिशवीत. सोमवारपासून या. फक्त खेळाचा तासही तुम्हाला घ्यावा लागेल."

तिथं मी एकतीस वर्षं शिकवलं. नोकरी लागल्याचं घरी येऊन सांगितलं, तेव्हा आबा अंगणात खाटेवर बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरींना मैदान हाय का गं? केवढं हाय?"